उडता पक्षी टिपताना

उडत्या पक्ष्याचे छायाचित्र घ्यायचे तर शटरचा वेग वाढवावा, की काम झाले, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ही समजूत मला दोन हिवाळे पुरली. मी कलाशाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझे सख्य दहावीनंतर संपले. परंतु मामांनी आपला कॅमेरा हाती दिला आणि त्याच्यापायी त्रैराशिक पुन्हा मांडावे लागले.

उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावला हिवाळ्यात पुष्कळ पक्षी दिसतात. तेथील नदी सुरय हा माझा पहिला परीक्षक. पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी, आणि क्षणात डोळ्यांसमोरून नाहीसा! समजा तो ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आपल्यासमोरून आडवा गेला. शटर १/१००० सेकंदावर आहे. तेवढ्या अवधीत पक्षी १ सेंटिमीटर सरकतो. तो २० मीटरवर असून भिंग ४०० मिलिमीटरचे असेल, तर कॅमेऱ्यातील प्रतिमा सुमारे ५० पटींनी लहान असते. म्हणजे ती ०.२ मिलिमीटर सरकते. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण ३६ मिलिमीटर रुंदीची ही प्रतिमा ३० सेंटिमीटर कागदावर मोठी केली, की तेच सरकणे दीड मिलिमीटरच्या वर जाते. पक्ष्याच्या डोळ्याचा ठिपका तेथे रेघ होऊन बसतो. दोष मी इतके दिवस भिंगाला देत होतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे वेग १/४००० करणे. दुसरा जुना आणि बिनखर्चाचा: कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवणे. आपल्या एस.टी.च्या शेजारून तेवढ्याच वेगाने धावणारी मोटार खिडकीतून जागच्या जागी उभी दिसते, तसे हे आहे. पाय रोवून, कोपरे अंगाशी धरून, कमरेतून वळावे. मनगटाने वळू नये. कळ दाबल्यावरही वळणे थांबवू नये. मी कळ दाबली की थबकत असे, आणि सगळा घोटाळा तेथेच होत असे. आडवा न जाता सरळ आपल्याकडे येणाऱ्या पक्ष्याची प्रतिमा बाजूला फारशी सरकत नाही. मात्र त्याचे अंतर क्षणोक्षणी बदलते, म्हणून तेथे कस लागतो तो नाभीयनाचा.

इतके जमले तरी पंख उरतातच. हा धडा मला कवड्या खंड्याने दिला. मासा हेरताना तो पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत राहतो. धड स्थिर, डोके तर खिळ्याने ठोकल्यासारखे. कॅमेरा फिरवण्याचा प्रश्नच नाही. तरीही १/१००० ला डोळा लख्ख आला आणि पंखांच्या जागी नुसता धूर! पंखाचा वेग धडाच्या वेगाहून निराळा असतो, आणि त्यातही टोकाचा सर्वांत जास्त. १/३२०० च्या आसपास गेल्यावर पिसे मोजता येऊ लागली. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. झोका जसा वर गेल्यावर क्षणभर थांबतो, तसा पंखही वर आणि खाली टोकाला पोचून उलटताना मंदावतो. तो क्षण साधला तर कमी वेगातही काम भागते. अर्थात तो साधण्यासाठी पक्ष्याची लय डोळ्यांत मुरावी लागते.

उजेडाची अडचण राहतेच. १०० संवेदनशीलतेची फिल्म, एफ ५.६ चे भिंग आणि लख्ख ऊन असले, तर पूर्वी १/८०० च्या पुढे जाता येत नसे. आजच्या कॅमेऱ्यात संवेदनशीलता ८०० केली की तोच वेग आठपट होतो. थोडे कण दिसतात, ते मी पत्करतो. ज्या कॅमेऱ्यात विजेचे शटर चित्र ओळीओळीने वाचते, त्यात कितीही वेग ठेवा, पंख कधीकधी वाकडा येतो.

याहून तुटपुंज्या साधनांवर लोकांनी हे केले आहे. १८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. चाप ओढला की सेकंदाला १२ चित्रे, प्रत्येक १/७२० सेकंदाचे. पंख नेमका कसा वळतो, हे त्याला पाहायचे होते. १८८४ साली जर्मनीत ओटोमार आन्शुट्झ याने उडते करकोचे टिपले. नेम धरणे, चाप ओढणे ही शिकारीची भाषा तेव्हापासून या छंदाला चिकटली असावी.

मीही पहिल्या वर्षी शिकाऱ्यासारखाच वागलो. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून चरत होता. उभे पक्षी मला नको होते. नावाड्याला म्हणालो, "दादा, जरा जवळ घ्या ना, उडू द्या त्यांना." तो बांबू रोवून थांबला. "उडवायला काय, उडतील. पण सकाळधरनं ही तिसरी खेप हाय त्यांची. खाणार कधी?" मी हट्ट सोडला नाही. थवा पाण्यावर धावत उठला, गुलाबी-काळे पंख क्षणभर दिसले, आणि मी साठ चित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो साठांतही शेपट्या आणि लोंबते पाय! भ्यालेला पक्षी आपल्याकडे पाठ करूनच पळणार, हे समजायला कॅमेऱ्याची गरज नव्हती. त्या रात्री नावाड्याचे बोलणे चित्रांपेक्षा अधिक लागले.

पुढच्या हिवाळ्यात त्याच दादांच्या नावेत बसलो, पण बांबू रोवूनच. पक्षी बहुधा वाऱ्याच्या तोंडावर उठतात आणि उतरतात, म्हणून वारा आमच्या पाठीशी घेतला. सकाळचे ऊनही पाठीशीच होते. रोहित चरत राहिले. दीड तासाने त्यांतले पाच आपणहून माना ताणून वाऱ्याकडे वळले, चार पावले धावले आणि आमच्या अंगावरून गेले. मध्येच एक सुरयही येऊन गेला. त्या दिवशीची तीन चित्रे मी ठेवली आहेत. सुरयाच्या चित्रात डाव्या पंखाचे टोक पुसट आहे. दादांना दाखवले तर म्हणाले, "हां, हा उडतोय."