उतारावरची हिरवळ आणि पाण्याची पाळी

महाळुंगे हे मुळा नदीच्या काठचे गाव. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले क्रीडासंकुल याच परिसरात आहे. तेथील मैदाने पाहून आपल्या वसतिगृहासमोरचा उतारही हिरवा असावा, असे आम्हां सर्वांना वाटले. आम्ही हरळी लावली आणि रोज सायंकाळी तासभर नळी सोडू लागलो. एका उन्हाळ्यातच उताराचा माथा करपला, पायथ्याची हरळी पिवळी पडली आणि खालच्या वाटेवर चिखल झाला. पाणी भरपूर दिले होते; पण ते गवताला मिळाले नव्हते. असे का झाले, याचा अभ्यास येथे मांडत आहोत.

माती. सह्याद्रीच्या काळ्या कातळापासून झालेली आपली माती चिकण आहे. तिचे कण अतिसूक्ष्म असल्याने ती पाणी पुष्कळ धरते, परंतु अतिशय सावकाश पिते. वाळूत तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरते; चिकणमातीत ते अवघे १ ते ५ मिलिमीटर मुरते. वाळली की ही माती भेगाळते. पहिले पाणी भेगांतून खोल जाते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी पृष्ठभागावरून घसरू लागते.

ऊन. आपला उतार नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर असल्याने डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणून हिवाळ्यात दक्षिणेकडील उतार सपाट जमिनीपेक्षा अधिक तापतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या अंगाला भाजून काढते. माथ्यावरचा ओलावा सर्वांत आधी उडतो, तो यामुळेच.

हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले, तर एक मिलिमीटर थर होतो. आम्ही बादली आणि घड्याळ घेऊन मोजले. १० लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला २० लिटर, तासाला १,२०० लिटर. आपली हिरवळ १०० चौरस मीटर आहे, म्हणजे तासाला १२ मिलिमीटर. माती फार तर ५ मिलिमीटर पिणार! उरलेले पाणी वाटेवर गेले. दोष उताराचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

उपाय. पळत्या पाण्याला चालायला लावावे, चालत्याला थांबवावे आणि थांबलेल्याला जिरवावे, ही शिकवण पाणलोटाच्या कामातून आपल्या गावोगावी पोहोचली आहे. तीच आम्ही अंगणात आणली.

१. पाणी पहाटे द्यावे. नळीला झारीचे तोंड लावून ती सतत हलती ठेवावी. दहा मिनिटांत २ मिलिमीटर होताच थांबावे आणि अर्धा ते एक तास पाणी मुरू द्यावे. मग दुसरी पाळी. पाणी वाहताना दिसले की पाळी संपली असे समजावे.

२. माथ्याला प्रथम व अधिक, पायथ्याला शेवटी व कमी द्यावे.

३. उताराला आडव्या ओळींत काट्याने भोके पाडून त्यांत कुजलेले शेणखत भरावे. नुसती थोडी वाळू मिसळल्यास चिकणमाती अधिकच घट्ट होते.

४. पुढचे पाणी वाराप्रमाणे न देता वाफसा पाहून द्यावे. बोटभर खोलीची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन सहज फुटली तर ओल पुरेशी आहे.

५. उन्हाळ्यात गवत उंच ठेवावे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये.

६. साबणाचे पाणी वारंवार घालू नये. त्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण विस्कटतात व तिची छिद्रे बुजतात.

आधी कोणाला? एक प्रश्न मात्र हिशेबाच्या पलीकडचा आहे. आपण मुळशी तालुक्यात राहतो. याच तालुक्यातील शेतकऱ्यांनी १९२१ साली, धरणात जाणाऱ्या आपल्या जमिनींसाठी, सेनापती बापट यांच्यासह सत्याग्रह केला. जेथे पाण्याखाली गावे गेली, तेथे पाणी वाटेवर सांडणे शोभत नाही. म्हणून आम्ही क्रम ठरविला आहे: प्रथम पिण्याचे पाणी, मग स्वयंपाकघर व स्वच्छता, त्यानंतर लहान झाडे आणि सर्वांत शेवटी हिरवळ. टंचाईच्या मे महिन्यात हरळी तपकिरी झाली तरी चालेल. तिचे कांड जमिनीत जिवंत असते. मृगाच्या सरींनी ती पुन्हा उठते.

विद्यार्थी मित्रांनो, उतारावर नळी धरून उभे राहाल तेव्हा गवताकडे पाहू नका, पायथ्याकडे पाहा. तेथे पाणी पोहोचले असेल, तर आपला हात थांबायला उशीर झाला आहे.