स्टोरी टाकण्याआधी गेटकडे बघा

आंतरमहाविद्यालयीन सामना असला की बंगळुरूतल्या कॉलेजांत खेळाडूंइतकीच धावपळ फोन घेऊन फिरणाऱ्या मुलांची असते. संघ मैदानात उतरतानाची रील, ढोलाचा आवाज, हरलेल्या सेटनंतरचे चेहरे, सगळे त्याच मिनिटाला हॉस्टेलच्या खोल्यांत पोहोचवायचे असते. त्यांत बेळगाव-कोल्हापूरहून अभियांत्रिकीला आलेली मुलेही असतात. अशा मुलांसोबत वावरणारा प्रस्तुत लेखक हल्ली त्यांच्याशी एका तारखेबद्दल आवर्जून बोलतो. ती तारीख ४ जून २०२५.

आदल्या रात्री अहमदाबादेत बंगळुरूच्या आरसीबी संघाने पंजाब किंग्जला ६ धावांनी हरवून आयपीएल जिंकली होती. १८ हंगामांत पहिल्यांदाच. बंगळुरू रात्रभर जागेच होते. सकाळी सातच्या सुमारास संघाच्या खात्यावर विजयी मिरवणुकीची पोस्ट आली, पाठोपाठ आणखी पोस्ट आल्या, विराट कोहलीचा व्हिडिओही आला. दुपारी बाराच्या आत वाहतूक पोलिसांनी मिरवणूक होणार नसल्याचे कळवले. तरीही सव्वातीनच्या सुमारास विधानसौध ते चिन्नास्वामी स्टेडियम अशा मिरवणुकीची आणि मोफत पासची पोस्ट पडली. राज्य सरकारने उच्च न्यायालयात सादर केलेल्या अहवालानुसार या पोस्ट ४४ लाख वेळा पाहिल्या गेल्या.

स्टेडियमची क्षमता साधारण ३५ हजार. मुख्यमंत्र्यांनी सांगितलेला गर्दीचा आकडा दोन ते तीन लाख. पोरे झाडांवर आणि कुंपणाच्या भिंतींवर चढली होती. कब्बन पार्क आणि विधानसौध स्थानकांवर मेट्रो थांबवणे बंद करावे लागले. गेटांपाशी चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला, ५० हून अधिक जखमी झाले. गर्दी ओसरल्यावर तिथे चपला-बुटांचा खच पडला होता. मृतांत शाळकरी आणि कॉलेजच्या वयाची मुले होती.

दोष एकट्या पोस्टचा नव्हता. परवानगी, बंद गेट, अपुरा बंदोबस्त यांवरून आयोजक, क्रिकेट संघटना आणि पोलिस या सर्वांवरच ठपका आला. पण जुलै २०२५ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने गर्दी जमण्याला प्रथमदर्शनी संघालाच जबाबदार धरले. ऐन वेळी जमवलेल्या लाखोंना आवरायला पोलिस काही देव किंवा जादूगार नाहीत, असेही बजावले. दुर्घटनेनंतर संघाचे खाते जवळपास तीन महिने गप्प होते.

कॉलेजचे समाजमाध्यमावरील पान लाखो लोक पाहत नाहीत हे खरे. पण कॉलेजचे मैदानही ३५ हजारांचे नसते. एक फाटक, एक सुरक्षारक्षक आणि पाचशे जणांची जागा असेल तर दोन हजार मुले पुरेशी घातक ठरतात.

म्हणून वातावरण दाखवणे आणि लोकांना बोलावणे ही दोन वेगळी कामे माना. बंगळुरू एफसीच्या सामन्यांना कंठीरवा स्टेडियमवर वेस्ट ब्लॉक ब्ल्यूज या चाहत्यांच्या गटाने गाण्यांनी आणि बॅनरांनी जो माहोल उभा केला, तो व्हिडिओतून लांबच्यांनाही भावतो. २०२२ मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा याच शहरात झाल्या, त्यांत मल्लखांब पहिल्यांदाच आला. अशा खेळाची एक नीट टिपलेली उडी नाशिक-साताऱ्यातल्या मुलांपर्यंत पोहोचावी, यासाठीच तर ही पाने हवीत.

बोलावणे मात्र क्रीडाशिक्षकांना विचारल्याशिवाय टाकू नका. प्रवेश कुठून, जागा किती, पास लागतो का, हे त्याच पोस्टमध्ये लिहा. ‘लवकर या, जागा थोड्याच’ असली घाई लावणारी भाषा टाळा, गेटवर रेटारेटी तिथूनच सुरू होते. वेळ किंवा जागा बदलली तर जुनी पोस्ट नुसती काढून भागत नाही, कारण तिचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतच राहतात. बदल ठळक अक्षरांत, कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत पुन्हा टाका. एक मुलगा फोन घेऊन गेटवरच ठेवा. गर्दीत नेटवर्क जाते, म्हणून त्याने आयोजकांशी कसे बोलायचे हे आधीच ठरवा. कोणी पडले, घुसमटले तर चित्रीकरण थांबवून वाट मोकळी करा, जखमींचे चेहरे कुठेही टाकू नका.

आणि मैदान भरले की इतर सगळ्या रील बाजूला ठेवून पहिली पोस्ट हीच टाका: ‘जागा संपली आहे, निघू नका, सामना इथेच दाखवतो.’