परत जाणारे पाहुणे

हिवाळ्यांत नांदूरमध्यमेश्वरास पक्षी आले कीं ती वार्ता नाशिकांत घरोघर पोंचते. परंतु ते परत केव्हां गेले असें विचारिलें, तर बहुतेक जण निरुत्तर होतात. वास्तविक वसंतांतील हें प्रयाण आगमनाइतकेंच अभ्यसनीय आहे.

निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा बांधण्यांत आला. त्यामागें गाळ सांचून उथळ पाणी व पाणवनस्पतींचीं बेटें झालीं आणि दूरदेशच्या पक्ष्यांस मुबलक अन्न मिळूं लागलें. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें. महाराष्ट्रांतील पहिलें रामसार स्थळ म्हणून त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्यें झाली.

येथील चक्रवाक विणीसाठीं हिमालयापलीकडील सरोवरांकडे जातात. तलवार बदकें त्याहूनही उत्तरेस, सैबेरियापर्यंत जातात. पळस फुलला कीं त्यावर मध पिण्यास जमणारे भोरड्यांचे थवेही पुढें मध्य आशियाची वाट धरितात. दिवसाचें वाढतें मान आणि शरीरांतील वार्षिक लय यांमुळें प्रयाणापूर्वीं पक्षी अधिक खातो व अंगांत चरबी सांचवितो. हीच त्याची शिदोरी होय.

डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील मॉर्टेन्सन नामक शिक्षकानें १८९९ सालीं भोरडीच्याच कुळांतील पक्ष्यांच्या पायांत अंक कोरलेलीं ॲल्युमिनियमचीं कडीं घातलीं. पक्ष्यांचे प्रवास जाणण्याचा शास्त्रीय मार्ग त्यामुळें खुला झाला. विद्यार्थ्यांस कड्यांची गरज नाहीं. एक वही पुरे.

पक्षी प्रथम दिसल्याचा दिवस सहज ध्यानांत येतो; शेवटचा दिवस मात्र त्या दिवशीं ओळखतां येत नाहीं. तो पुढें दिसेनासा झाला म्हणजेच कळतो. याकरितां फेब्रुवारीपासून एप्रिलअखेर नदीकांठची वा पळसाखालची एकच जागा व एकच वेळ ठरवून रोज तारीख, पक्षी व संख्या लिहावी. पक्षी न आढळल्यास ‘दिसला नाहीं’ असेंही अवश्य लिहावें. कोऱ्या पानावरून पक्षी गेला कीं पाहणारा गेला नाहीं, हें कोणास कळणार?

पृथ्वीचें उष्णमान वाढत आहे. युरोपांत कित्येक पक्षी वसंतांत पूर्वींपेक्षां लवकर येऊं लागले, हें जुन्या नोंदींवरूनच सिद्ध झालें. आपले पाहुणेही लवकर निघूं लागले काय, हा प्रश्न पुढील पिढी विचारील. पालकहो, पहाटे मुलांस उठविण्याचे श्रम आपण घेतले, तर त्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या वहींत सांपडेल.