सांगलीची हळद मलेरियावर चालेल का?

मित्रांनो, मलेरियावरची मोठी औषधं झाडापाल्यातूनच आली आहेत. १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनाईन वेगळे करण्यात आले. इंग्रजांनी १८६० च्या दशकात आपल्या सातारा जिल्ह्यातही, महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे, सिंकोना लावून पाहिला. पण ती लागवड टिकली नाही. पुढे चीनमध्ये तू यूयू यांना एका वनौषधीचा काढा उकळला की गुण कमी होतो अशी शंका आली. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला आणि तो लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल. झाड तेच, प्रोसेस बदलली!

मग आपल्या हळदीचं काय? हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनमुळे असतो. २००५ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना आढळले की सुमारे ५ मायक्रोमोलर कर्क्युमिन प्रयोगशाळेत मलेरियाच्या जंतूंची वाढ निम्म्यावर आणते. उंदरांना ते तोंडावाटे दिल्यावर रक्तातले जंतू ८० ते ९० टक्के घटले.

म्हणजे हळदीचं दूध पुरे? थांबा, आधी गणित करू. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८. म्हणजे ५ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला फक्त १.८४ मिलिग्रॅम. किरकोळ वाटतं ना? पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील चाचणीत माणसांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तातलं प्रमाण सरासरी १.७७ मायक्रोमोलरपर्यंतच गेलं. हळदीत कर्क्युमिन ४ टक्के धरलं तर ८ ग्रॅमसाठी रोज २०० ग्रॅम हळद खावी लागेल! तरीही ५ चा आकडा दूरच.

कारण साधं आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडं शोषलं जातं त्याचं आतडे व यकृत लगेच दुसऱ्या संयुगात रूपांतर करतात. म्हणजे गाडी अडते ती विद्राव्यता आणि शोषणापाशी. सूक्ष्म कण बनवणे, त्यांना आवरण देणे, योग्य द्रावक निवडणे ही कामं केमिकलवाल्या मित्रांच्या ओळखीचीच आहेत.

तोपर्यंत हळद स्वयंपाकघरातच बरी. थंडी वाजून ताप आला तर काढ्यावर दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियात उशीर जिवावर बेतू शकतो.