ब्रेक पॅड घेताना ही दोन अक्षरे पाहा



सुट्ट्या लागल्या की आपल्या बऱ्हाणपुरातील कुटुंबे गाडी काढून निघतात. कोणी ओंकारेश्वरला, कोणी शेगावला, तर कोणी थेट सप्तशृंगी गडावर. खंडव्याकडे निघाले की सुमारे २० कि.मी.वर असीरगडापाशी सातपुड्याचा घाट लागतो. निघण्यापूर्वी आपण टायरची हवा पाहतो, पेट्रोल भरतो, लिंबू-मिरची बांधतो. पण ब्रेक पॅड किती उरले आहेत, हे पाहणारे थोडेच. आणि बदलायची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न असतो, "स्वस्तातला कोणता?" म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

ब्रेक पॅड काय काम करतो?

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांत डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन पॅड या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घर्षण होते, गाडीची गती कमी होते आणि त्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून जास्त काम पुढच्या पॅडना करावे लागते.

उष्णतेचे गणित

गतिज ऊर्जेचे सूत्र नववी-दहावीच्या मुलांना पाठ आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. माणसांसह १००० किलोची गाडी ताशी ६० कि.मी. वेगाने जात असेल, तर तिची ऊर्जा सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल होते. गाडी एकदा थांबवली की यातील बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३३ अंशांनी वाढेल.

आता घाट घ्या. हीच गाडी १०० मीटर उंची उतरली, तर सुमारे ९ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ६०च्या वेगावरून लागोपाठ सात वेळा गाडी थांबवण्याइतकी! ही सगळी ऊर्जा ब्रेकवरच टाकली, तर पॅड फार तापतात आणि हलक्या पॅडची पकड कमी होत जाते. पाय तेवढाच दाबलेला असतो, पण गाडी थांबत नाही. "ब्रेक फेल झाला" असे आपण म्हणतो, त्यातील काही प्रसंग असेच असतात.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेत चांभाराकडून ब्रेकवर चामडे ठोकून घेतले. आजच्या ब्रेक लायनरची ती सुरुवात मानली जाते.

दोन अक्षरांचा अर्थ

अनेक पॅडच्या पाठीवर किंवा कडेला आकड्यांच्या शेवटी इंग्रजीतील दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर साधारण तापमानाला घर्षण गुणांक किती ते सांगते आणि दुसरे पॅड खूप तापल्यावर किती ते सांगते.

ई : ०.२५ ते ०.३५
एफ : ०.३५ ते ०.४५
जी : ०.४५ ते ०.५५

'एफ-एफ' म्हणजे थंड असताना आणि तापल्यावरही तीच श्रेणी. 'एफ-ई' म्हणजे तापल्यावर पकड एका श्रेणीने उतरते. गावात फिरताना हा फरक जाणवणार नाही, घाटात मात्र जाणवू शकतो. तरीही वरचे अक्षर म्हणजे चांगला पॅड, असे समजू नये. पॅड किती दिवस टिकेल किंवा किती आवाज करील, हे या अक्षरांतून कळत नाही. गाडीच्या पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ कंपनीने बसवलेला असतो. म्हणून मूळ पॅडवर जी अक्षरे असतील तीच घ्यावीत, त्यापेक्षा खालची घेऊ नयेत.

खरेदी करताना

१. डब्यावरील पार्ट नंबर आपल्या गाडीचे मॉडेल व वर्ष यांच्याशी जुळवा. "थोडे घासून बसवून देतो" असे म्हटले, तर तो पॅड घेऊ नका.
२. ऑरगॅनिक पॅड शांत चालतात, पण लवकर झिजतात. धातूमिश्रित पॅड उष्णता चांगली सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्क जास्त झिजवतात. सिरॅमिक पॅडची धूळ कमी, किंमत जास्त. रोजच्या गाडीला कंपनीने दिलेल्या जातीचाच पॅड योग्य.
३. डब्यावर 'ॲस्बेस्टॉस नाही' असे लिहिलेले पाहा. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, मुलांना जवळ उभे करू नका.
४. पक्के बिल घ्या. नकली मालाला बिल मिळणे कठीण असते.

केव्हा बदलावे, बदलल्यावर काय करावे?

घर्षणाचा थर सुमारे ३ मि.मी. उरला की पॅड बदलावेत. अनेक पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते, ती डिस्कला घासून चीं-चीं आवाज करते. ती सूचना समजावी. एकाच चाकाचे पॅड बदलू नयेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत चार-सहा वेळा दाबा. पहिल्या दाबाला ते थेट खाली जाऊ शकते. पहिले २००-३०० कि.मी. शक्यतो जोरात ब्रेक मारू नका. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी तेही बदला. आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. खालचा गिअर ठेवा, म्हणजे बराच भार इंजिन सांभाळते.

आपली मुले ज्या व्हॅनने शाळेत येतात, तिच्या मालकाला सत्राच्या सुरुवातीला ब्रेकचे बिल दाखवायला सांगावे, अशी पालकांना व विश्वस्तांना विनंती आहे. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

स्वाध्याय

१. हीच गाडी ताशी ४० व ८० कि.मी. वेगाने जाताना तिची ऊर्जा काढा. वेग दुप्पट झाला, ऊर्जा किती पट झाली?
२. घरच्या गाडीच्या पुस्तिकेत पॅडची कमीत कमी जाडी किती दिली आहे, ते शोधून वहीत लिहा.
३. तापल्यावर घर्षण गुणांक ०.४० वरून ०.३० वर आला, तर तितकीच पकड मिळवायला पेडलवर किती पट जोर लागेल?