कष्टाळू पिता, भक्तिमान आजोबा : याकोबाचे स्मरण

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३१:३८-४२, ४७:२७ ते ४८:२०, इब्री ११:२१

आपल्या घरातील वडीलधारे माणूस प्रभूमध्ये निजले म्हणजे आपण स्मरणसभा भरवतो. त्यांनी फार कष्ट केले, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले, रविवारची उपासना कधी चुकवली नाही, असे आपण सांगतो. हे सारे खरे असते. परंतु मागच्या बाकावर बसलेली त्यांची नातवंडे यातून काय घेऊन जातात? इंदूर, हैदराबाद, बंगळूर किंवा दिल्ली येथे वाढलेल्या पुष्कळ मुलांच्या कानांवर मराठी पडते ती फक्त घरात. त्यांच्या मनात आजोबांचे हार घातलेले छायाचित्र तेवढे राहते. आजोबांचा देव त्यांच्यापर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे. एखाद्या पित्याचे स्मरण कसे करावे हे पवित्र शास्त्र याकोबाच्या चरित्रातून शिकवते. त्याचा आपण क्रमाने विचार करू.

१. कष्टांचे नेमके स्मरण

याकोब कष्टाळू होता एवढे म्हणून शास्त्र थांबत नाही. उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायात तो लाबानापुढे आपल्या सेवेचा हिशेब मांडतो. एकूण वर्षे २०. त्यांपैकी १४ लेआ व राहेल यांच्यासाठी आणि ६ कळपासाठी. दिवसा ऊन, रात्री गारठा आणि डोळ्यांना झोप नाही. मजुरी दहा वेळा बदलली गेली. वन्य पशूने मेंढरू फाडले, तर त्याची भरपाई त्याने स्वतः सोसली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व त्या काळचा रिवाज पाहिला म्हणजे कळते. पशूने फाडलेल्या जनावराचा पुरावा राखणदाराने आणून दाखवला, तर त्याच्याकडून भरपाई घेऊ नये, असे पुढे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे (निर्गम २२:१३). हम्मुराबीच्या बाबेली कायद्यातही सिंहाने मारलेल्या जनावराचे नुकसान मालकाने सोसावे असा नियम आढळतो. म्हणजे जे देणे लागत नव्हते तेही याकोबाने दिले.

या हिशेबाच्या अखेरीस याकोब आपल्या मनगटाची बढाई मारीत नाही. देवाने आपले हाल आणि आपल्या हातांचे श्रम पाहिले, नाहीतर आपण रिकाम्या हातांनी परत गेलो असतो, असे तो म्हणतो. मालकाने न पाहिलेले श्रम देवाने पाहिले, हा त्याचा विश्वास होता.

२. दोष न झाकणारे स्मरण

याकोबाचे दोषही शास्त्राने जसेच्या तसे नोंदवले आहेत. करडांची कातडी हातांवर लावून त्याने आपल्या अंध पित्याला फसवले. पुढे त्याच्याच मुलांनी बकऱ्याच्या रक्तात अंगरखा बुडवून त्याला फसवले. योसेफावर त्याने इतर मुलांपेक्षा अधिक प्रीती केली आणि त्या पक्षपाताने घर दुभंगले. योसेफ विकला गेला तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

तरीही इस्राएल लोकांनी या पित्याची आठवण टाकून दिली नाही. प्रथमफळांची टोपली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने परमेश्वरापुढे काय म्हणावे, हे अनुवाद २६:५ मध्ये सांगितले आहे. आपला मूळ पुरुष एक भटकणारा अरामी होता, अशी त्या निवेदनाची सुरुवात आहे. पीक घरात आल्याच्या आनंदाच्या दिवशी पूर्वजाचे बेघरपण आठवायचे! कारण त्यामुळेच देवाची दया स्पष्ट दिसते. आपण मृताला निर्दोष ठरवू लागलो की त्याला क्षमेची गरज होती हेही पुसले जाते.

३. परक्या देशातील नातवंडांपुढे साक्ष

उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात आजारी याकोबाकडे योसेफ आपल्या दोन मुलांना घेऊन येतो. चित्रांत मनश्शे व एफ्राईम लहान बालके दाखवतात. पण त्यांचा जन्म दुष्काळापूर्वी झाला होता, याकोब दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षानंतर मिसरात आला आणि तेथे १७ वर्षे जगला. म्हणजे आता ते विशीच्या आसपासचे तरुण होते. त्यांची आई आसनथ ही ओन येथील याजकाची कन्या. ते मिसरात जन्मले आणि तेथेच वाढले. अशा नातवंडांना आजोबांचा देव कसा कळावा?

याकोब त्यांना मिळकतीचा आकडा सांगत नाही. अब्राहाम व इसहाक ज्याच्यासमोर चालले, ज्याने आपल्याला जन्मभर मेंढपाळासारखे राखले, त्या देवाकडे तो त्यांच्यासाठी आशीर्वाद मागतो. येथे इब्री क्रियापद ‘राआ’ आहे. कळप चारणे, राखणे हा त्याचा अर्थ. नुसते ‘पोसले’ म्हटले तर अर्थ तोकडा पडतो. ज्याने स्वतः रात्री जागून कळप राखला, तोच म्हणतो की माझ्यासाठीही कोणी जागत होता.

आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. मिसरात आल्यावर फारोने वय विचारले, तेव्हा १३० वर्षांच्या याकोबाने आपले दिवस थोडे व वाईट होते असे सांगितले (४७:९). तेथील ‘वाईट’ या अर्थाचा इब्री शब्द ‘रा’ हाच ४८:१६ मध्ये येतो. पण तेथे देवदूताने आपल्याला सर्व वाइटापासून सोडवले, असे तो म्हणतो. भूतकाळ तोच राहिला, परंतु या १७ वर्षांत हरवलेला पुत्र जवळ राहिला आणि त्याची संततीही पाहायला मिळाली. फारोपुढचे गाऱ्हाणे नातवंडांपुढे साक्ष झाले.

आशीर्वाद देताना त्याने हात तिरपे ठेवले. उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर. योसेफाने हरकत घेतली, तेव्हा आपल्याला हे ठाऊक आहे असे त्याने शांतपणे सांगितले. इसहाकाची दृष्टी गेली होती व तो फसवला गेला. याकोबाचीही दृष्टी मंद झाली होती, पण येथे कोणी कोणाला फसवले नाही.

४. खाट की काठी?

उत्पत्ती ४७:३१ मध्ये याकोब खाटेच्या उशाकडे नमला असे इब्री मजकुरात आहे, तर इब्री ११:२१ मध्ये तो काठीच्या टोकावर टेकून नमला असे आहे. याचे कारण असे की ‘मित्ता’ म्हणजे खाट आणि ‘मत्ते’ म्हणजे काठी, या दोन्ही शब्दांची व्यंजने एकच आहेत. स्वरचिन्हे हस्तलिखितांत पुष्कळ शतकांनंतर आली. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी ‘काठी’ असे वाचले व इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने तेच घेतले.

ही काठी आपल्या ओळखीची आहे. केवळ एक काठी घेऊन आपण यार्देन ओलांडली, असे याकोबाने पूर्वी प्रार्थनेत म्हटले होते (३२:१०). ग्रीक भाषांतरात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे. जी काठी त्याची एकमेव मालमत्ता होती, तिच्यावर टेकून म्हाताऱ्याने देवाला नमन केले. याकोबाच्या दीर्घ आयुष्यातून विश्वासाचे उदाहरण म्हणून या पत्राने निवडले ते नातवंडांना दिलेला आशीर्वाद आणि हे नमन.

५. आपल्यासाठी बोध

कष्टांचे स्मरण नेमकेपणाने करावे: त्यांनी कोणते काम केले, कोठे, किती वर्षे, कोणासाठी. दोषांचे भांडवल करू नये, पण खोटी मूर्तीही उभारू नये. देवाने त्यांना कसे राखले हे अवश्य सांगावे, आणि नातवंडांना जी भाषा कळते त्या भाषेत सांगावे. आजी-आजोबांना विनंती अशी की हे काम स्मरणसभेवर सोपवू नका. याकोबाने स्वतः उठून बसून सांगितले. घर आणि शेतजमीन वाटली जाईल. आपल्याला कोणी राखले हे मात्र ज्याचे त्यानेच सांगितले पाहिजे.

मननासाठी प्रश्न

१. तुमच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या श्रमांविषयी तुम्हाला नेमके काय माहीत आहे?
२. तुमच्या आयुष्यातील कोणते ‘वाईट दिवस’ आज साक्ष म्हणून सांगता येतील?
३. या आठवड्यात ती साक्ष तुम्ही घरातील कोणत्या मुलाला सांगाल?