पोराला कुठेतरी चिकटवू नका

निकाल लागले की दिंडोरी, वणी, लखमापूर, जानोरीकडून फोन सुरू होतात. आवाज वेगळे, बोलणं एकच. "सर, पोरगं आयटीआय झालंय, कुठेतरी चिकटवून द्या. पगाराचं काही नाही, आधी लागू तर द्या." यंदा या शेवटच्या वाक्यावरच लिहितो. पगाराचं काही नाही असं बापच सांगत असेल, तर ठेकेदार कशाला पगाराचं काढेल?

इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंग यांवर रविवारच्या पुरवण्यांत ढिगाने छापून येतं. ते तिथे वाचा. पोलीस भरती किंवा एमपीएससी करणाऱ्याने दोन वर्षांची मुदत घालून घ्यावी आणि ती पाळावी, एवढंच सांगेन. मला बोलायचंय ते पुढच्या महिन्यात कामावर उभं राहायचंय अशा पोरांबद्दल. आपल्या तालुक्यात काम नाही ही ओरड खोटी आहे. तळेगाव-अक्राळेची एमआयडीसी आहे, लखमापूरच्या कंपन्या आहेत, जानोरीची पॅकहाउसं आणि विमानतळ आहे, मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे, आणि पंचवीसेक किलोमीटरवर सातपूर-अंबड. काम मिळतं. प्रश्न ते कोणत्या भावात, याचा आहे.

एका फिटर झालेल्या मुलाने मला त्याचा हिशेब दाखवला. ठेकेदारामार्फत लागलेला, हुद्दा 'हेल्पर', काम मात्र मशीनवर फिटरचंच. ड्युटी बारा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, खात्यावर बारा हजार. पगाराची पावती नाही. "बारा तासांचे बारा हजार, बरोबर आहे ना सर?" घरच्यांना तर आकडा आवडला होता.

आता कागदावर मांडू. कायद्याने दिवसाचे तास आठ. त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. म्हणजे जादा चार तासांचे पैसे आठ तासांइतके होतात. बारा हजार हा आठ तासांचा पगार असेल, तर बारा तासांचे चोवीस हजार व्हायला हवेत. आणि ठेकेदार म्हणत असेल की बारा हजारात बारा तास धरलेत, तर मूळ पगार उरला सहा हजार, रोजाचे दोनशे एकतीस रुपये. महाराष्ट्रातल्या कारखान्यात अकुशल कामगाराचं किमान वेतनही याच्या कितीतरी वर आहे. कसंही मोजा, पोरगं लुटलं जातंय. (महिन्याला शंभर तास ओव्हरटाइम कायद्यात बसतो का, हा आणखी वेगळा प्रश्न.)

"पण तो शिकतोय ना अजून," हे उत्तर मला ठेकेदारापेक्षा आई-वडिलांकडूनच जास्त ऐकू येतं. फ्रेशर आहे म्हणून किमान वेतन कमी, अशी सवलत कायद्यात नाही. दर ठरतो तो कामावरून, अकुशल, अर्धकुशल की कुशल असा. आपल्याकडे उद्योग आणि परिमंडळानुसार दर लावलेले असतात, आणि विशेष भत्ता जानेवारी व जुलैत बदलतो. कमी पैशांत राजी आहे असं पोराने लिहून दिलं तरी ते टिकत नाही. एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम ही घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बंद केलेली वेठबिगारीच.

खरोखर शिकायचंच असेल, तर त्याला सरळ रस्ता आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही: १९६१ च्या कायद्याखालची नोंदणीकृत ॲप्रेंटिसशिप. इथे पैसे कमी मिळतात, हे आधीच सांगतो. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान सात हजार, पदविकाधारकाला आठ, पदवीधराला नऊ हजार विद्यावेतन धरलं होतं. पीएफ नाही, किमान वेतन नाही. म्हणून बाप म्हणतो, "सात हजारात काय होतंय? तिकडे बारा देतायत." नाना, तिकडचे बारा म्हणजे आठ तासांचे सहाच, हे आत्ताच बघितलं. इथे करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो, काम शिकवण्याची जबाबदारी कंपनीवर असते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ओझरच्या एचएएलपासून महावितरण, एसटीपर्यंत सगळीकडे शिकाऊ उमेदवार घेतात. तीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला ते घ्यावेच लागतात. रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तरावरच्या भरतीत, रेल्वेतच असं प्रशिक्षण पुरं केलेल्यांना वीस टक्के जागा राखीव असतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन केलेल्या मुलाने पहिलं वर्ष इथे घालवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कंपनी नुसतंच 'ट्रेनी' म्हणत असेल तर करार क्रमांक मागा. क्रमांक नसेल, तर तो ट्रेनी नाही, स्वस्तातला कामगार आहे.

आता पालकांचं. ही पोरं गप्प का बसतात, याचं कारण बहुतेक वेळा कंपनीत नसतं, घरात असतं. नोकरी ओळखीने लागलेली असते. मामाच्या मित्राने, गावच्या पुढाऱ्याने, पाहुण्यांपैकी कुणीतरी शब्द टाकलेला. मग पोराने पगाराची पावती मागितली तरी घरी फोन येतो आणि आई म्हणते, "अरे, त्यांचं नाव खराब करशील." ओळखीने लागलेल्या नोकरीत पोरगं दोन मालकांचं होतं, एक कंपनीतला, एक सोयऱ्यातला.

मला याचं नवल अशासाठी वाटतं की हाच बाप द्राक्षबागायतदार म्हणून भोळा नाही. व्यापारी माल उचलून पसार होतो म्हणजे काय, हे या तालुक्याला सांगायला नको. २०२० मध्ये विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकरांनी शेतकऱ्यांचे बुडालेले पैसे वसूल करायची मोहीम काढली, तेव्हा कागद दाखवता आले त्यांची बाजू भक्कम झाली. तेव्हापासून क्रेट मोजून, वजन लिहून, सौदापावती घेतल्याशिवाय आपण गाडी हलू देत नाही. आणि पोरगं मात्र नियुक्तिपत्राशिवाय कामावर धाडतो, वर त्याची ओरिजनल मार्कशीट ठेकेदाराच्या कपाटात ठेवायला देतो! झेरॉक्स द्या. मूळ कागद मागणारा माणूस पोराला कामावर नाही, तावडीत घेतोय.

पॅकहाउसला जाणाऱ्या मुलींच्या बाबतीत आणखी एक बघा. त्याच टेबलावर तेच ग्रेडिंग करणाऱ्या मुलाला जास्त रोज देणं बेकायदा आहे, १९७६ पासून. आणि पगारातून दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जात असेल तर विचारा. महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो महाराष्ट्रात २०२३ पासून माफ आहे.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब. पीएफ कापतात असं सांगितलं तर यूएएन घ्या आणि पोराच्याच मोबाइलवर उमंग ॲपमध्ये पासबुक उघडून बघा. कापलेले पैसे भरलेच नाहीत, असं तिथे कळतं. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो, हा नियम १९७० पासून आहे, आणि तो ठेकेदाराला चांगला ठाऊक असतो.

"सर, पण बोललं आणि काढून टाकलं तर?" काढू शकतात, खोटा धीर देत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात भांडू नका, जमवा. हजेरी कार्डाचा रोज फोटो, शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, गेटपास. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, म्हणजे दुसरी नोकरी लागल्यावरही. पगार दिला हे सिद्ध करणं मालकाचं काम आहे, पोराचं नाही. नाशिकला कामगार उपायुक्त कार्यालय आहे, तिथे साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. जाताना त्याच शिफ्टची आणखी चार-पाच पोरं सोबत न्या. एकट्याचा अर्ज ठेकेदार महिनोन्‌महिने रखडवून बघतो. पाच जणांचा गेला की सुनावणीच्या आधीच त्याच्या हिशेबनिसाचा फोन येतो.